वेग, टिकाऊपणा आणि निळव्याचे माप

२०१९च्या उन्हाळ्यात मी पाटण तालुक्यातल्या काही वाड्यांवर जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत फिरत होतो. एका वाडीतल्या आजींनी तीन बैठकांत ओव्या सांगितल्या. घरात जाते होते, पण त्यावर दळण होऊन बरीच वर्षे झाली होती. "नुसतं बसून गाता येत नाही लेकरा, हाताला खुंटा लागतो," असे म्हणून त्यांनी मूठभर नाचणी वैरली आणि मग आवाज लावला. ध्वनिमुद्रणात जात्याची घरघर आवाजाइतकीच स्पष्ट आली होती.

त्या वर्षीच्या एकूण त्रेसष्ट फायली झाल्या. पुढे मी एक स्वस्तातली एसएसडी घेतली, २४० जीबीची. खोक्यावर ठळक अक्षरात 'सेकंदाला ५०० एमबी' असे छापले होते आणि माझ्या जुन्या हार्ड डिस्कच्या मानाने हा आकडा चौपट-पाचपट होता. फायली तिच्यावर उतरवल्या, रेकॉर्डरचे कार्ड पुढच्या कामासाठी पुसून मोकळे केले आणि ड्राइव्ह कपाटात ठेवली. मध्ये दोन वर्षे गेली. २०२२ साली ती लॅपटॉपला जोडली, तेव्हा लॅपटॉपने तिची दखलच घेतली नाही. दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने दोन दिवस खटपट केली आणि सांगितले, "काका, कंट्रोलर गेलाय. चिपमध्ये डेटा असेलही, पण कुठला तुकडा कुठं ठेवलाय याचा नकाशाच गेला." जुन्या हार्ड डिस्कवर त्रेसष्टपैकी एकेचाळीस फायली सापडल्या. बावीस गेल्या. त्या आजींच्या तिन्ही बैठका त्या बाविसांत होत्या. आणि आजी २०२१मध्येच वारल्या होत्या.

त्या ड्राइव्हच्या माहितीपत्रकात लिहिले होते की तिच्यावर ८० टेराबाइट लिहिता येईल. मी तिच्यावर जेमतेम अर्धा टेराबाइट लिहिले असेल. म्हणजे छापील हिशेबाने तिचे आयुष्य एक टक्काही खर्च झाले नव्हते. वेगाबद्दल तर माझी तक्रार कधीच नव्हती. मग चुकले कुठे? मी संगणकशास्त्र शिकलेला माणूस नाही. हा प्रश्न सुटेना म्हणून गेली तीन वर्षे जमेल तसे वाचत गेलो, जवळच्या ड्राइव्ह मोजून पाहत गेलो. हस्तलिखिते, जुने अंक, पत्रे आणि आवाज यांच्या फायली ज्यांच्या घरात साठू लागल्या आहेत, अशा या अंकाच्या वाचकांना या शोधाचा उपयोग व्हावा, म्हणून हे टिपण.

शेराचे सोळा भाग

एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नसते, असतात त्या फ्लॅश मेमरीच्या चिप. या तंत्राचे मूळ १९६७ सालचे. बेल लॅबोरेटरीजमधील दावोन कांग आणि सायमन झे यांनी विद्युतरोधक थरात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवण्याची युक्ती मांडली. वीज बंद झाली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन आतच राहतात आणि ते आहेत की नाहीत हे बाहेरून ओळखता येते. या कल्पनेवर जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी जगापुढे ठेवली आणि १९८७ साली तिचा 'नॅन्ड' हा प्रकार मांडला. आज आपल्या मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये आणि एसएसडीमध्ये हाच प्रकार असतो. 'फ्लॅश' हे नाव मासुओकांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचवले होते. या मेमरीतला मोठा भाग एका दमात पुसला जातो, ते पाहून त्यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली होती.

इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या प्रत्येक सूक्ष्म खणाला सेल म्हणतात. स्वस्त आणि महाग एसएसडीतला बराचसा फरक या सेलमध्ये किती बारीक माप घेतले जाते, त्यावर ठरतो. हे समजून घ्यायला आपली जुनी धान्यमापे फार सोयीची आहेत. शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी आणि कोळव्याची दोन निळवी. म्हणजे एका शेराची दोन मापटी, चार चिपटी, आठ कोळवी किंवा सोळा निळवी होतात.

सेल हा एक शेर आहे असे समजू. पहिल्या प्रकारच्या मेमरीत या शेरात धान्य आहे की नाही एवढेच पाहायचे असते. पातळ्या दोन, माहिती एक बिट. हा प्रकार म्हणजे एसएलसी. दुसऱ्या प्रकारात, एमएलसीत, चार पातळ्या ओळखायच्या असतात, त्यातून दोन बिट मिळतात. टीएलसीत पातळ्या आठ आणि बिट तीन. क्यूएलसीत पातळ्या सोळा आणि बिट चार. शेर तेवढाच आहे, फक्त मोजणारा चिपट्यावरून कोळव्यावर आणि कोळव्यावरून निळव्यावर आला आहे. तेवढ्याच सिलिकॉनमध्ये जास्त माहिती मावते, म्हणून ड्राइव्ह स्वस्त होते. स्वस्ताईचे मुख्य गुपित हे.

त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे वेळ. शेर ओतायला क्षण पुरतो, निळवे मोजून घालायला हात जपून चालवावा लागतो. क्यूएलसीत लिहिणे मूळातच संथ असते. दुसरी किंमत झिजेची. लिहिताना आणि पुसताना जास्त दाबाची वीज वापरून इलेक्ट्रॉन रोधक थरातून आरपार ढकलावे लागतात. दर खेपेला तो थर किंचित खराब होतो. थर खराब झाला की इलेक्ट्रॉन गळू लागतात. भरलेला शेर आणि रिकामा शेर यांत थोडी सांडलवंड झाली तरी घोटाळा होत नाही, पण निळव्याच्या मापात चिमूटभर सांडले तरी अकराचे दहा होतात. म्हणून एसएलसी ढोबळमानाने लाखभर वेळा लिहून-पुसून चालत असे, टीएलसी हजार ते तीन हजार वेळा आणि क्यूएलसी हजारच्या आत-बाहेर.

हे आकडे ऐकून धडकी भरते, पण मध्ये एक कारभारी असतो. त्याचे नाव कंट्रोलर. तो एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहू देत नाही. पाटाच्या पाण्याची पाळी जशी सगळ्या शेतांना फिरवतात, तशी तो झीज सगळ्या सेलमध्ये वाटून टाकतो. शिवाय तो प्रत्येक तुकड्यासोबत चूक शोधून दुरुस्त करणारी जादा माहिती लिहितो. कोणता तुकडा कुठे आहे, याचा नकाशा त्याच्याकडेच असतो. माझ्या ड्राइव्हमध्ये सेल सुस्थितीत असूनही सारे गेले, ते हा कारभारी गेल्यामुळे.

खोक्यावरचा वेग

खोक्यावरचा 'सेकंदाला ५०० एमबी' हा आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. टीएलसी आणि क्यूएलसी ड्राइव्ह आपल्या जागेतला काही भाग तात्पुरता एसएलसीसारखा वापरतात. आलेले धान्य आधी ओसरीवर भराभर ओतायचे आणि नंतर सवडीने मापून कणगीत भरायचे, तसा हा प्रकार. ओसरी मोकळी आहे तोवर वेग खोक्यावर लिहिलेला. ओसरी भरली की वेग सेलच्या खऱ्या वेगावर येतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ ही एक टीबीची क्यूएलसी ड्राइव्ह आहे. तिची ओसरी जास्तीत जास्त ४२ जीबीची. ती भरल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबीवर येतो, असे कंपनीच स्वतःच्या माहितीपत्रकात सांगते. आता समजा, स्कॅन केलेल्या अंकांच्या २०० जीबी फायली तिच्यावर एका बैठकीत उतरवायच्या आहेत. पहिले ४२ जीबी सेकंदाला ५०० एमबीने दीड मिनिटाच्या आत जातील. उरलेल्या १५८ जीबीला सुमारे ३३ मिनिटे लागतील. हेच काम सेकंदाला ५०० एमबी टिकवून धरणारी टीएलसी ड्राइव्ह सात मिनिटांत करील आणि सेकंदाला १५० एमबी लिहिणारी साधी हार्ड डिस्क २२-२३ मिनिटांत. म्हणजे मोठी साठवण एकदम उतरवताना नवी क्यूएलसी जुन्या हार्ड डिस्कच्याही मागे पडते.

म्हणून ती टाकाऊ ठरते का? नाही. रोजच्या वापरात आपण २०० जीबी एका दमात लिहीत नाही. आपण हजारो लहान लहान फायली वाचतो. हार्ड डिस्कला प्रत्येक फायलीसाठी सुई हलवून तबकडी फिरून येण्याची वाट पाहावी लागते. त्यात साधारण दहा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला शंभरेक फेऱ्या. एसएसडीला फिरायचेच नसते, त्यामुळे स्वस्तातली एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो फेऱ्या करते. जुना लॅपटॉप हार्ड डिस्क काढून एसएसडी घातल्यावर नव्यासारखा वाटतो तो याच कारणाने. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणे हा जाणवणारा बदल आहे. साध्या एसएसडीवरून महाग एसएसडीवर जाणे हा लिहिण्या-वाचण्याचे आणि स्कॅनिंगचे काम करणाऱ्याला फारसा जाणवत नाही.

जोडणीचाही विचार हवा. साटा जोडणीची कमाल मर्यादा सेकंदाला ६०० एमबी, प्रत्यक्षात ५५०च्या आसपास. एनव्हीएमई प्रकारच्या ड्राइव्ह तिसऱ्या पिढीत ३,५०० आणि चौथ्या पिढीत ७,००० एमबीपर्यंत जातात. पण लॅपटॉपची खाच तिसऱ्या पिढीची असेल, तर चौथ्या पिढीची ड्राइव्हही तिसऱ्या पिढीच्याच वेगाने चालते. एम.२ नावाची चपटी खाच दिसली म्हणजे ती एनव्हीएमईच असेल असेही नाही. काही जुन्या लॅपटॉपमध्ये ती फक्त साटाची असते. खाच कोणती आहे हे न पाहता वेगासाठी दिलेले जादा पैसे वाया जातात.

८० टेराबाइट म्हणजे किती?

टिकाऊपणाचा छापील आकडा म्हणजे टीबीडब्ल्यू, एकूण किती टेराबाइट लिहिता येईल ती मर्यादा. त्यासोबत वर्षांची हमी असते. दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथे हमी संपते. सॅमसंगच्या एक टीबीच्या ८७० ईव्हीओ या टीएलसी ड्राइव्हला ६०० टेराबाइट आणि ५ वर्षे, तर तेवढ्याच क्षमतेच्या ८७० क्यूव्हीओला ३६० टेराबाइट आणि ३ वर्षे. क्रुशलच्या एक टीबीच्या पी३ला २२० टेराबाइट आणि ५ वर्षे. किंग्स्टनच्या २४० जीबीच्या ए४००ला ८० टेराबाइट आणि ३ वर्षे.

हे आकडे आपल्या कामाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. मी माझ्या लॅपटॉपची ड्राइव्ह तपासली. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये आजवर एकूण किती लिहिले गेले, ते दिसते. माझे रोजचे सरासरी लेखन १० जीबीच्या आसपास निघाले. त्यात माझे स्वतःचे लिखाण नगण्य, बाकी सारे विंडोजचे आणि ब्राउझरचे. वर्षाचे झाले ३.६५ टेराबाइट.

त्यात स्कॅनिंग मिळवू. ए-४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले, तर साडेतीन कोटी ठिपक्यांची, न दाबलेली फाइल साधारण १०४ एमबीची होते. दोनशे पानांचा दिवाळी अंक म्हणजे २१ जीबी. पाने सरळ करून, डाग काढून केलेली दुसरी प्रत आणि वाचण्याजोगी छोटी पीडीएफ धरली, तर एका अंकामागे ४५ जीबी. वर्षात असे शंभर अंक केले, तर साडेचार टेराबाइट. दोन्ही मिळून वर्षाला ८.१५ टेराबाइट. या हिशेबाने सर्वांत लहान, ८० टेराबाइटवाली ड्राइव्हसुद्धा जवळजवळ दहा वर्षे पुरते आणि ३६० टेराबाइटवाली चव्वेचाळीस वर्षे.

हा हिशेब थोडा सैल आहे. फ्लॅश मेमरीत लिहिणे पानापानाने होते, पण पुसणे मात्र शेकडो पानांच्या गठ्ठ्यानेच होते. त्यामुळे एक पान बदलायचे तर कंट्रोलरला गठ्ठ्यातली चालू पाने दुसरीकडे उतरवून मग गठ्ठा पुसावा लागतो. आपण एक जीबी लिहिला, तर आत दीड-दोन जीबी लिहिला जाऊ शकतो. ड्राइव्ह काठोकाठ भरलेली असेल तर ही फिरवाफिरव वाढते, वेगही पडतो. म्हणून पाचवा हिस्सा रिकामा ठेवावा. छापील टीबीडब्ल्यू मात्र आपल्या बाजूने मोजलेले असते, कंपनीने आतल्या वाढीची सोय त्यात धरलेली असते.

आणि तो आकडा म्हणजे कड्याचे टोकही नव्हे. 'टेक रिपोर्ट' या अमेरिकी नियतकालिकाने २०१३ ते २०१५ या काळात २४० ते २५६ जीबीच्या सहा ड्राइव्ह मरेपर्यंत लिहीत ठेवल्या. सहाही ड्राइव्हनी ७०० टेराबाइटांचा टप्पा ओलांडला आणि शेवटची २,४०० टेराबाइट लिहून थांबली. त्या ड्राइव्हमध्ये बहुतेक एमएलसी होत्या, आजच्या क्यूएलसीकडून तेवढी अपेक्षा धरता येणार नाही. तरी घरगुती वापरात एसएसडी लिहून लिहून झिजली, असे क्वचितच घडते, एवढे त्यातून दिसते.

मग मरतात कशाने?

२०१६ साली टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गुगलमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी गुगलच्या डेटा सेंटरमधील ड्राइव्हच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. माझ्या दृष्टीने त्यातले तीन निष्कर्ष महत्त्वाचे. एक, ड्राइव्हवर किती लिहिले यापेक्षा ती किती वर्षे वापरात आहे, याचा चुकांशी जास्त संबंध दिसला. दोन, महागडी एसएलसी एमएलसीपेक्षा एकूणात जास्त भरवशाची ठरली नाही. तीन, एसएसडी बदलण्याची वेळ हार्ड डिस्कपेक्षा कमी वेळा येते, पण काही तुकडे कायमचे न वाचता येण्याचे प्रमाण जास्त असते. पहिल्या चार वर्षांत, मॉडेलनुसार २० ते ६३ टक्के ड्राइव्हमध्ये अशी निदान एक तरी चूक आढळली होती.

कंट्रोलरमधला प्रोग्रॅम हे आणखी एक कारण. २०१९च्या नोव्हेंबरात एचपीई कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवले की सर्व्हरसाठी दिलेल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि त्यांच्यावरचा डेटा परत मिळणार नाही, तेव्हा त्याआधी त्यांचा प्रोग्रॅम सुधारून घ्यावा. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तास मोजणारी संख्या तिच्या खणात मावेनाशी होण्याची ही जागा. तीन वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. या ड्राइव्ह स्वस्तातल्या नव्हत्या.

आपल्याकडे यात विजेची भर पडते. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर नकाशा अर्धवट राहू शकतो. सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये त्या क्षणापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असतात, स्वस्त ड्राइव्हमध्ये बहुधा नसतात. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस नसेल, तर जादा टीबीडब्ल्यूवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा यूपीएसकडे वळवणे शहाणपणाचे.

शेवटचे कारण कपाटाचे. बंद ठेवलेल्या ड्राइव्हमधला भार हळूहळू गळतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार घरगुती एसएसडीने तिचे सारे टीबीडब्ल्यू संपल्यानंतरही, वीज न देता ३० अंश तापमानाला एक वर्ष माहिती धरून ठेवली पाहिजे. नवी, न झिजलेली ड्राइव्ह याहून बरीच जास्त टिकते. पण साठवणीचे तापमान वाढले की गळती झपाट्याने वाढते, आणि मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या खोलीतले लोखंडी कपाट ३० अंशांवर थांबत नाही. भार गळण्याचा परिणाम २०१४ साली चालू वापरातल्या ड्राइव्हमध्येही दिसला होता. सॅमसंगच्या ८४० ईव्हीओ या टीएलसी ड्राइव्हवर काही महिने न हलवलेल्या फायली वाचताना वेग फार पडू लागला, आणि कंपनीला दोनदा प्रोग्रॅम सुधारून द्यावा लागला.

थोडक्यात, मी घेतलेली ड्राइव्ह वेगाने वाईट नव्हती, झिजेच्या हिशेबातही उणी नव्हती. मी तिला जे काम दिले, ते तिचे नव्हते. रोज हाताखाली असणाऱ्या वस्तूला मी तिजोरी समजलो, आणि तिजोरीही एकच ठेवली.

निवड करताना

हे सगळे जुळवल्यावर माझा निवडीचा क्रम असा ठरला आहे.

आधी आपल्या ड्राइव्हवर रोज किती लिहिले जाते ते पाहावे. रोजचे लेखन २०-३० जीबीच्या आत असेल, तर बाजारातली कोणतीही नामांकित ड्राइव्ह झिजेच्या दृष्टीने पुरेशी आहे. मग ३६० की ६०० यावर रात्र जागवू नये.

दुसरे, शक्य तिथे टीएलसी घ्यावी. कंपनी प्रकार सांगत नसेल, तर टीबीडब्ल्यूवरून अंदाज येतो. एक टीबीला ६००च्या आसपास असेल, तर बहुधा टीएलसी, २००च्या आसपास असेल, तर बहुधा क्यूएलसी. एकाच नावाखाली आतली चिप नंतर हलक्या प्रकारची घातल्याची उदाहरणे २०२१मध्ये चर्चेत आली होती, म्हणून जुन्या परीक्षणावर विसंबू नये. क्यूएलसी घ्यायचीच असेल, तर एकदा भरून वारंवार वाचण्याच्या संग्रहासाठी घ्यावी.

तिसरे, स्वस्त ड्राइव्हमध्ये नकाशा ठेवायला वेगळी डीरॅम नसते. एनव्हीएमई ड्राइव्ह त्यासाठी संगणकाच्या रॅमचा छोटा तुकडा वापरू शकते, साटा ड्राइव्हला ती सोय नाही. म्हणून दोन्ही खाचा असतील आणि किंमत सारखी असेल, तर डीरॅम नसलेल्या साटापेक्षा डीरॅम नसलेली एनव्हीएमई बरी.

चौथे, वेगासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा क्षमतेसाठी मोजावेत. मोठ्या ड्राइव्हमध्ये झीज वाटायला जागा जास्त, ओसरी मोठी आणि टीबीडब्ल्यूही त्या प्रमाणात जास्त. ५०० जीबीची साधी ड्राइव्ह २५० जीबीच्या दिमाखदार ड्राइव्हपेक्षा आपल्या कामाला अधिक उपयोगी.

पाचवे, अविश्वसनीय किमतीत मिळणाऱ्या अनेक टीबीच्या ड्राइव्हपासून दूर राहावे. आत लहान चिप घालून संगणकाला मोठी क्षमता सांगणाऱ्या नकली ड्राइव्ह बाजारात आहेत. नवी ड्राइव्ह आल्यावर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने ती एकदा पूर्ण भरून, वाचून पाहावी. नकली असेल तर तिथेच उघडी पडते.

आणि सहावे, वाचलेल्या पैशांतून दुसरी प्रत करावी. हमी मिळते ती ड्राइव्हची. ती बिघडली तर नवी ड्राइव्ह मिळते, आतल्या ओव्या मिळत नाहीत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक साधा नियम लोकप्रिय केला आहे. प्रती तीन, साठवणीचे प्रकार दोन, आणि एक प्रत घराबाहेर. माझ्याकडे आता काम एसएसडीवर चालते, संग्रह एका हार्ड डिस्कवर असतो आणि तिची जुळी बहिणीकडे कराडला. हार्ड डिस्क प्रत्येक टीबीमागे एसएसडीपेक्षा स्वस्त पडते, आणि संग्रहाला वेग लागत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि त्या पुढच्या लोकांच्या हाती सुरक्षित पोहोचल्या. त्यामागे गोळा करणाऱ्यांचे कष्ट जेवढे आहेत, तेवढीच पुन्हा पुन्हा प्रती करणाऱ्यांची चिकाटी आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. त्या काळातला कागद आज पिवळा पडला, कडा तुटल्या, तरी वाचता येतो. कागद आपण जात असल्याचे आधी सांगतो. हार्ड डिस्कही बहुधा कुरकुरते. एसएसडी बऱ्याचदा काहीच न बोलता जाते, म्हणून तिला आपणच विचारत राहावे लागते.

त्यासाठी मी दिवस ठरवून घेतला आहे. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. वडील करवत आणि रंधा मांडत, मी आता त्या शेजारी तिन्ही ड्राइव्ह मांडतो. पण पूजेआधी प्रत्येक ड्राइव्ह जोडून तिच्यावरची प्रत्येक फाइल वाचून घेतो. प्रत्येक फायलीचा एक ठसा, तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली लांबलचक संख्या, मी नोंदवून ठेवला आहे. एक बिट जरी बदलला, तरी ठसा बदलतो. तीन तास लागतात. यंदा एका ड्राइव्हवरचे दोन ठसे जुळले नाहीत. त्या दोन फायली दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा उतरवल्या, ठसे जुळल्याची खात्री केली आणि मग झेंडूची फुले वाहिली.

एकेचाळीस ओव्यांच्या फायली त्यात आहेत. बाविसांची नावे फक्त माझ्या वहीत आहेत.